आदल्या दिवशीची घागर

आखाजीच्या सकाळी नंदुरबार स्टेशनावर लेकी उतरत होत्या आणि मी चढत होते. कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या हातात सासरची पिशवी, सगळ्या माहेरच्या ओढीनं धावत सुटलेल्या. मी सतरा वर्षांची, पाठीवर शाळेचीच बॅग, मुंबईला निघालेली. माय फलाटावर उभी होती. तिनं हात हलवला नाही. पदर दातात धरून ती गाडी सुटेपर्यंत माझ्या बॅगेकडे बघत होती.

तुम्ही जे गाव सोडून पुण्याला, सुरतेला पांगलात, आणि जे अजून तिथंच आहात, तुम्ही सगळे मला विचारता की त्या वर्षी बापाची पहिली घागर सोडून ही पोरगी गेलीच कशी. आता सांगूनच टाकते.

अकरावीत आमच्या राज्यशास्त्राच्या मॅडमनी माझं नाव उन्हाळी युवा शासन शिबिराला दिलं. बारा दिवस मुंबईत राहायचं, पोरापोरींनीच आमदार, मंत्री, कलेक्टर व्हायचं, खोटं का होईना सरकार चालवायचं. फॉर्मवर पालकाची सही बापाची, आबांची. आपली भाड्याची रिक्षा शाळेच्या फाटकात लावून, हँडलवरच कागद ठेवून त्यांनी ती केली होती. त्याच थंडीत आबा गेले. चैत्रात निवडीचं पत्र आलं आणि निघायची तारीख आली नेमकी आखाजीची.

पुण्यातल्या मैत्रिणींना आखाजी म्हणजे काय ते मला बसून सांगावं लागतं, त्यांना अक्षय्य तृतीया म्हणजे सोनं घ्यायचा दिवस वाटतो. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची घागर भरतात. वर खरबूज, आंबे, सांजोऱ्या. दुपारी पानं वाढली, की तो माणूस येऊन जेवून जातो म्हणतात. त्याआधी घरात कुणी आंबा तोंडाला लावत नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी मॅडमचा फोन आला. "पाच वाजेपर्यंत हो की नाही ते कळव. नाही म्हणालीस तर दुसऱ्या मुलीला सांगते."

तासाभरात काका ओट्यावर हजर. "बापनी पहिली घागर, आनि पोर निघनी मुंबईले! लोके काय म्हनतीन?"

मला असा राग आला! घागर भरणार होता काकांचा मुलगा, पोरीनं भरायची रीतच नाही. मग माझं तिथं काम काय? कोपऱ्यात उभं राहून डोळे पुसायचे? मी हे तोंडावर बोलले. काका लालबुंद झाले. माय मात्र चुलीपुढे बसून पीठ मळत राहिली. तिच्या त्या गप्प राहण्याची मला जास्त भीती वाटत होती. ती 'जाऊ नको' म्हणाली असती तर मी गेले नसते, हे आज शपथेवर सांगते.

बारा वाजले, एक वाजला. मी मोबाईल हातात घेऊन दारात बसले. नाही सांगून मोकळं व्हावं असं चारदा वाटलं. चारदा मॅडमचा नंबर काढला आणि बंद केला.

दोनच्या सुमारास माय उठली. बाजारातून आणलेली नवी घागर तिनं माझ्यापुढे ठेवली. "भर," म्हणाली.

काका ओरडले, "आज? एक दिन आधी? आखाजी सकाय शे, वहिनी! आनि पोरगी भरी?"

माय त्यांच्याकडे वळली. आबांच्या मागं ती पहिल्यांदा एवढं बोलली. "तुमना भाऊ कधी येळवर जेवनात का? मिरचीना बाजारनं भाडं भेटनं का चार वाजेत घर येत. सकाय नहीं ते आज जेवतीन. आनि त्यासनी सही करेल शे, पोर जाई."

काका चपला घालून निघून गेले. मी घागर भरली. अर्धं पाणी माझ्याच पायावर सांडलं. मायनं पान वाढलं. आम्ही दोघी त्या पानासमोर बसून हमसून हमसून रडलो. पावणेपाचला मी मॅडमना हो कळवलं.

मुंबईत पहिल्याच जेवणात आमरस होता. घागर भरून झालेली, खायला हरकत नव्हती, पण मी वाटी शेजारच्या मुलीकडे सरकवली. तिथून मायला फोन केला तर म्हणाली, "समदं बरं शे." तीन वर्षांनी शेजारच्या काकूंनी सांगितलं, की त्या आखाजीला काकांनी आपल्या घरी मुलाकडून घागर भरून घेतली आणि मायला बोलावलंच नाही. स्टेशनावरून परतल्यावर दिवसभर ती दार लोटून घरात एकटी होती. मी त्या वेळी गाडीत बसून मंत्री झाल्यावर काय बोलायचं ते पाठ करत होते.

त्या शिबिरानं मला खरंच बाहेर काढलं. पुढं पुण्याला कॉलेज, परीक्षा, मग वॉर्ड ऑफिसातली नोकरी. आता पाण्याच्या तक्रारी माझ्या टेबलावर येतात. आखाजीला रजा मिळत नाही, म्हणून मी जवळच्या रविवारी फ्लॅटच्या गॅलरीत घागर भरते. माय व्हिडिओ कॉलवर बघते आणि खरबूज कच्चं आणलं म्हणून बोल लावते.

यंदाही रविवारीच भरते म्हटलं. माय म्हणाली, "तुन्हा बाप आते म्हतारा व्हई गया वं. त्याले येळवर जेवाले दे."

आबा गेले तेव्हा पंचेचाळीसचे होते. ते आता कसले म्हातारे होणार! मी हसून फोन ठेवला आणि भाजी चिरायला घेतली. दोन बटाटे झाल्यावर सुरी हातातच राहिली. फलाटावर पदर दातात धरून उभी होती तेव्हा मायचे केस काळेभोर होते.

सकाळी आखाजीला गावी जायचं म्हणून रजेचा अर्ज दिला. साहेबांनी कारण लिहा म्हटलं. मी लिहिलं, घरी जेवायला वाट बघत आहेत.