जाऊबाईंचे दादा आणि सत्तावीस कलमं

ऱ्हस्वदीर्घाला मी पहिल्यापासून कच्ची. शाळा चौथीपर्यंत झाली, त्यातलं शेवटचं वर्ष निम्मं गुरांमागं गेलं, त्यामुळं अक्षर कोंबडीनं उकिरडा उकरावा तसं येतं. ही वही कुणी उघडलीच तर एवढं पोटात घालावं. लिहायचं आहे ते आमच्या जाऊबाईंच्या थोरल्या भावाबद्दल. करारनाम्यावर एवढा जीव असलेला माणूस सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत दुसरा झाला नाही, हे मी शपथेवर सांगते. लोकांना देव दगडात दिसतो, त्यांना तो कलमात दिसायचा.

मुलं मामा म्हणायची म्हणून आम्हीही मामाच म्हणायचो. फौजेच्या बांधकाम खात्यात ते तीस वर्षं कारकून होते. बराकी, पूल, पाण्याच्या टाक्या यांचे करारनामे नकलून नकलून त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट वाकडं झालं होतं, आणि आमच्या थोरल्या दिरांच्या मते डोकंही. पेन्शन घेऊन ते मिरजेजवळ गावी राहायला आले, पण करार काही सुटला नाही. न्हाव्यासमोर बसले तरी आधी विचारायचे, "काम अर्धवट सोडलंस तर?" न्हावी म्हणायचा, "मग अर्धी मिशी घिऊन जावा मिरजंला." भाचीच्या लग्नात त्यांनी मांडववाल्याकडून लिहून घेतलं की वाऱ्यानं मांडव पडला तर त्यानंच फुकट उभा करायचा. सगळे हसले. हळदीच्या दिवशी वावटळ आली आणि मांडव शेजारच्या उसात जाऊन बसला. मांडववाला बिचारा मुकाट्यानं वेळू गोळा करत म्हणाला, "मामांनी माझा अंगठा घेतलाय, मी काय बोलू?" जाऊबाई कधी वैतागून म्हणायच्या, "दादा, जेवताना तरी कलम लावू नगा." त्यावर ते गंभीरपणे विचारायचे, "भाकरी किती वाढणार ते आधी ठरलंय का?"

त्यांचं नाव आसपास 'कलमवाले मामा' असं पडलं होतं. एकदा जतकडचा एक मेंढपाळ त्यांचं घर शोधत आला. त्यानं नुसतं नाव ऐकलं होतं. त्याला आंब्याची चार कलमं हवी होती. मामांनी त्याला माघारी पाठवलं नाही. बसवलं, पाणी दिलं, आणि बोलता बोलता तो विहीर खोदणार आहे हे कळल्यावर खोदणाऱ्याशी करायचा करार लिहून हातात दिला. खडक लागला तर सुरुंगाचा खर्च कुणाचा, हेसुद्धा त्यात होतं. पुढच्या वर्षी तो माणूस घोंगडं घेऊन आला. म्हणाला, "मामा, खडक लागला. पन भांडान न्हाई झालं." ते घोंगडं मामा उन्हाळ्यातही पांघरायचे.

आमच्या घरी त्यांचं येणं वाढलं ते दवाखान्याच्या कामामुळं. आमचे हे हाडाचे गवंडी. पाटणच्या अलीकडं आमचं गाव, तिथं दोन खोल्यांचा सरकारी दवाखाना बांधायचा ठेका त्यांनी घेतला. अनामत रक्कम भरायची होती. थोरले दीर फौजेतून सुटून आले होते, त्यांचे एकरकमी मिळालेले सगळे पैसे त्यात गेले. पैसे देताना ते एवढंच म्हणाले, "बुडालं तर मग चूल येगळी." जाऊबाई आणि मी एका चुलीवर अकरा वर्षं भाकरी केल्या होत्या.

करारनामा इंग्रजीत होता. मामांनी तो मराठीत उतरवून आणला. जाड निळी शाई, सत्तावीस कलमं. मामा काही रोज इथं असणार नव्हते, मग घरात तो वाचायचा कुणी? यांना सहीपुरतं येतं, जाऊबाईंना तेवढंही नाही. मामा म्हणाले, "धाकल्या बाई शाळंत गेल्यात न्हवं? त्या वाचतील." मी आयुष्यात पुरुषांसमोर मोठ्यानं बोलले नव्हते. मी दाराआड बसले, मामा सोप्यात, आणि उंबऱ्यावर कागद. मी अडखळत वाचायची आणि ते बाहेरून थांबवायचे. "थांबा. 'तथापि' आला का? तथापि आला की पदर सावरायचा. पुढं खड्डा असतोय." 'समाधानकारक' हा शब्द आला तेव्हा म्हणाले, "कुणाचं समाधान? सायबाचं. मग सायबाला कोंबडं घालायचं का? न्हाई. मोजून दाखवायचं." असं करत करत मला कळायला लागलं की घर बांधायच्या आधी ते कागदावर बांधतात, आणि तिथंही भिंत तिरकी गेली की खालचा माणूस दबतो.

पाया भरून झाल्यावर ओव्हरसियर साहेब आले. ओढा जवळ आहे, जोतं दीड फूट वर घ्या, असं तोंडी सांगून निघाले. जादा दगड, जादा चुना, जादा मजुरी. मामा त्या दिवशी गावातच होते. ते यांना म्हणाले, "लिहून घ्या."

"सायबाला लिहून द्या म्हनू? तोंड कसं वर करायचं, मामा?"

"तोंड खालीच ऱ्हाऊ द्या. वही वर करा."

कामाच्या वहीत मी लिहिलं, साहेबांनी जीपमध्ये बसल्या बसल्या सही केली, आणि काम झालं. माझ्या हातच्या अक्षराखाली इंग्रजी सही बघून मी ती वही दोन दिवस डब्याखाली झाकून ठेवली होती.

काम पुरं झालं. बिल पाठवायच्या आधी मामांनी वही मागितली. चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. मी लिहिलं होतं, 'जोतं दीड हात वाढवणे.' घरात, शेतात आम्ही हातानंच मोजतो. दावं हातानं, लुगडं हातानं. माझ्या मनात फूट होता आणि बोटातून हात उतरला.

यांचा चेहरा उलट उजळला. "सायबाची सही हाय. दीड हाताचंच पैसं घिऊ की. फुटापेक्षा जास्तच येत्यात."

मामा म्हणाले, "आणि ते टेप लावतील तवा जोतं खोटं बोलंल व्हय? बिल अडकंल, अनामत अडकंल. चूक आपली हाय, आपनच जाऊन सांगायचं. आणि जिनं लिवलं तिनं सांगायचं."

साताऱ्याला जाताना एसटीत मी खिडकीकडं तोंड करून बसले होते. कचेरीत मोठे साहेब, समोर आम्ही तिघं. हे भिंतीला टेकलेले, मामा टोपी हातात घेऊन. साहेबांनी वही बघून विचारलं, "हात म्हणजे किती?"

मामांनी मान माझ्याकडं वळवली. मी फरशीकडं बघत म्हटलं, "कोपरापास्नं बोटापतूर, सायब. पन मला फूट म्हनायचं हुतं."

"कुणाचा हात धरायचा? तुमचा का ठेकेदाराचा?"

कारकून हसले. मामा एवढंच म्हणाले, "सायब, एकोणिसावं कलम त्यांना वाचू द्या." आणि तो निळ्या शाईचा कागद माझ्या हातात दिला. दार नव्हतं, उंबरा नव्हता. मी वाचलं, "लेखी मजकूर व प्रत्यक्ष मोजमाप यांत फरक आढळल्यास प्रत्यक्ष मोजमाप ग्राह्य धरावे. तथापि," आणि थांबले.

"थांबलात का?"

"पुढं खड्डा असतोय, सायब."

आता साहेबही हसले. म्हणाले, "वाचा, मी धरतो." मी वाचलं, "तथापि असा फरक अंतिम देयकापूर्वी ठेकेदाराने स्वतः निदर्शनास आणावा."

"आणलाय," मामा म्हणाले.

साहेबांनी आपल्या इंग्रजी कागदावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "बरोबर उतरवलंय." वहीतला हात खोडून त्यांनी फूट केला, शेजारी सही केली. परतताना उंब्रज आल्यावर मामा स्वतःशीच म्हणाले, "बरोबर उतरवलंय म्हनला."

बिलाचे पैसे आले. अनामत मात्र एक पावसाळा जाईपर्यंत कचेरीत राहणार होती. इमारत गळली तर आपण दुरुस्त करायची, असं तेविसावं कलम होतं. मामा म्हणाले, "अनामत सुटंस्तवर मी येत ऱ्हानार. सुटली की करार संपला, माझं काम संपलं."

आणि ते आले. दर पंधरा दिवसांनी, छत्री आणि घोंगडं घेऊन. दवाखान्याच्या भिंतीला कान लावायचे, जणू आत कुणी दुखणाईत आहे. मग आमच्या सोप्यात बसून म्हणायचे, "धाकल्या बाई, वाचा." करार पाठ झाला होता, म्हणून बियाण्याच्या पिशवीवरचं, एसटीच्या तिकिटामागचं, रॉकेलच्या दुकानातली सूचना, असलं काहीही. कधी दाराआडून उंबऱ्यावर आले आणि उंबऱ्यावरून सोप्यात, ते माझं मलाच कळलं नाही. चुकलं तर ते हसायचे नाहीत. मला त्याआधी आणि त्यानंतर घरात 'वाचा' असं कुणी म्हटलं नाही. यांचा जीव आहे माझ्यावर, पण वाचायचं असलं की ते शेजारच्या मास्तरांकडं जातात.

पुढं मामांचे गुडघे गेले, मिरजेची एसटी त्यांना चढवेना. जाऊबाई वर्षाकाठी जाऊन यायच्या, निरोप आणायच्या. मी काय निमित्त सांगून जाणार होते? एके वर्षी जाऊबाई गेल्या त्या दिवसकार्य उरकूनच आल्या.

पण ते सगळं नंतरचं. अनामत कचेरीत होती तो पावसाळा मोठा झाला. ओढा जोत्याला लागून गेला, वर आला नाही. मी रोज पाण्याला जाताना दवाखान्याच्या भिंतीकडं बघायची. कुठं ओल नाही, कुठं पोपडा नाही. आनंदच व्हायला हवा होता. गळावं असं मी कधी म्हटलं नाही, पण एखादी बारीक ओल दिसली असती तर मला वाईट वाटलं असतं असंही नाही.

दिवाळीच्या आधी हे साताऱ्याहून अनामत घेऊन आले. थोरल्या दिरांनी सोप्यात बसून नोटा दोनदा मोजल्या. पुरी रक्कम. चूल एकच राहिली. जाऊबाईंनी शिरा केला. मामा शिरा खाऊन, टोपी घालून उठले, तेव्हा मी मनात म्हणत होते, शंभर-पन्नास रुपये तरी कचेरीनं अडकवून ठेवायचे होते.