दोन लाख बाबा

ऑफिसात तिला सगळे मोडतोड मॅडम म्हणत. कामच तसं होतं. थेट प्रक्षेपणाआधी, फोनवर सामने दाखवणाऱ्या आपल्याच सेवेवर संगणकातून लाखो खोटे प्रेक्षक सोडायचे आणि ती कुठे मोडते ते बघायचं. खरे प्रेक्षक यायच्या आत मोडलेलं दुरुस्त करून घ्यायचं. अकरा वर्षं ती हेच करत होती.

शनिवारी फुटबॉलची अंतिम लढत होती. एका संघाची गोलरक्षक म्हणजे तिच्या भावाची मुलगी. हे तिने ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. वडील दुसऱ्या गावी अंथरुणाला खिळलेले. डॉक्टर आता महिन्यांऐवजी आठवडे म्हणू लागले होते. नातीला एकदा मैदानात बघायचं, एवढंच वडिलांचं मागणं होतं. तेही त्यांच्या कोपऱ्यात तडकलेल्या जुन्या फोनवर. नवा आणून दिला तर म्हणाले, "हा माझ्या बोटांना ओळखत नाही."

आदल्या आठवड्यातल्या शुक्रवारी तिने पंचवीस लाख खोटे प्रेक्षक सोडले. काही म्हणता काही मोडलं नाही.

"मॅडम, तुमचं नाव बदलावं लागणार आता," टीमचा प्रमुख म्हणाला. तो खूश होता.

रविवारी ती वडिलांच्या उशाशी बसली होती. ते कुठला तरी सराव सामना बघत होते. चित्र अडकलं. त्यांनी लगेच बंद करून चालू केलं. पुन्हा अडकलं. पुन्हा बंद, पुन्हा चालू.

"बाबा, जरा दम धरा. येईल आपोआप."

"दम धरायला वेळ कुठंय माझ्याकडे?" ते हसले. तिला हसता आलं नाही.

मिनिटभरात त्यांनी सहा वेळा बंद-चालू केलं. ती त्यांच्या अंगठ्याकडे बघत राहिली. आपले खोटे प्रेक्षक फारच शहाणे आहेत, तिच्या लक्षात आलं. चित्र अडकलं की मुकाट्याने थांबतात. खरा माणूस कुठे थांबतो?

सोमवारी तिने दोन लाख खोट्या प्रेक्षकांना वडिलांसारखं वागायला शिकवलं. त्या प्रकाराला नाव दिलं, 'बाबा'. मग मुद्दाम चित्र अडकवलं. सगळे बाबा एकदम बाहेर पडले आणि एकदम परत आले. आत येताना प्रत्येकाची ओळख नव्याने तपासली जायची. त्या दारातच चेंगराचेंगरी झाली. चौथ्या मिनिटाला सगळं ठप्प.

प्रमुखाने कपाळाला हात लावला. "इतका उतावळा माणूस असतो का कुठे?"

"असतो. माझ्या घरी आहे."

मग तिने सगळं सांगितलं. तो खुर्ची ओढून शेजारी बसला. म्हणाला, "काय करायचं ते सांगा."

एकदा आत येऊन गेलेल्याला काही वेळ पुन्हा ओळख विचारायची नाही. गर्दी फार झाली तर सगळ्यांचं चित्र थोडं अंधूक करायचं, पण बाहेर कुणालाच ठेवायचं नाही. यात चार दिवस गेले. शुक्रवारी दोन लाख बाबा आत-बाहेर करून दमले. दार हललं नाही.

शनिवारी दुपारी भिंतीवरच्या पडद्यावर सामन्याशेजारी प्रेक्षकांचे आकडे चढत होते. तिने फोन समोर ठेवला होता. चित्र अडकलं की वडिलांचा फोन ठरलेला: "अगं, तुझं दुकान बंद पडलं." आज पहिला भाग संपला, फोन आला नाही. ती सुखावली. दुसरा भागही संपत आला. फोन नाहीच.

न राहवून तिनेच फोन लावला. रिंग वाजत राहिली.

"अगं, आत्ता कशाला फोन!" वडील ओरडले. "तुझ्या फोनने चित्र गेलं ना माझं! पेनल्टी आहे, पोरगी उभी आहे तिथं. ठेव, ठेव!"

फोन कट झाला.

पडद्यावर तिची भाची हात पसरून उभी होती. जरा अंधूक दिसत होती.

"काय झालं, मॅडम?" प्रमुखाने घाबरून विचारलं.

"काही नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "एक बाबा माझ्यामुळे बाहेर पडले. येतील आत."