पूजेला बसलेला पंप

अण्णांनी लॉनचा कोपरा धरला आणि सतरंजीसारखा गुंडाळून माझ्या हातात दिला. खाली हुमणीच हुमणी. गवताची मुळं खाणारी पांढरी, वाकडी अळी. एकेक अशी पोसलेली, की आणखी थोडं खाती तर माझ्याशी कुस्ती धरती.

"डॉक्टर, ह्याच लॉनवर पोरीचं रिसेप्शन. अख्खं अग्रहार, सगळा मोहल्ला येणार. मर्यादे जाईल वो माझी."

मी डॉक्टर गवताचा. अण्णा आमच्यातलेच, पिढ्यान्‌पिढ्या इकडे कर्नाटकात राहिलेल्या जुन्या मराठी रंगाऱ्यांच्या घरातले. म्हैसूरजवळ येलवालला त्यांचं मंगल कार्यालय. म्हैसुरातली माझी निम्मी गिऱ्हाइकं त्यांच्या ओळखीची. लॉन गेलं की माझंही दुकान उठलं.

नुसतं कीटकनाशक भरपूर ओतायचं, तर त्याच गवतावर पाहुण्यांची पोरं लोळणार. म्हणून मी जोडी लावतो. कीटकनाशक कमी डोसमध्ये, सोबत हुमणीला मारणारी बुरशी. एरवी हुमणी वळवळून बुरशीची पूड अंगावरून झटकते. औषधानं ती सुस्तावली की बुरशी आत शिरते.

दसऱ्याच्या तोंडावर मी दोन्ही अण्णांच्या फवारणी पंपाच्या टाकीत कालवलं. "ऊन उतरलं की फवारा," म्हणालो आणि सरस्वतीपुरमच्या पेशंटकडे पळालो.

काही दिवसांनी खणलं. हुमणी झिंगलेली, पण जिवंत. पुढच्या खेपेला झिंगही उतरलेली. बुरशी एकीलाही नाही. ताटातली भाताची शितं मला हलताना दिसायला लागली.

"अण्णा, फवारलं कधी?"

"विजयादशमीला. मुहूर्तावर."

"मी आयुधपूजेच्या आदल्या दिवशी कालवून दिलेलं."

"पंप पूजेला बसवलेला. पूजेतलं अवजार हलवतात काय वो?"

"भरलेला?"

"रिकामं भांडं देवापुढं कोण ठेवतं?"

झेंडूची माळ घातलेल्या त्या टाकीत, अंगणातल्या उन्हात, बुरशी मेली. औषध तेवढं टिकलं. म्हणजे पेशंटला भूल दिली आणि सर्जन आलाच नाही.

ताजं कालवलं. ह्या वेळी शेवटचा थेंब जमिनीत जाईपर्यंत मी पंपाशेजारी उभा. मग रोज अण्णांचा फोन.

"मेली?"

"मरतेय."

"स्वल्प लवकर मरायला सांगा. पत्रिका वाटून झाल्या."

रिसेप्शन जवळ आलं. एका सकाळी खुरप्याला कडक झालेली हुमणी लागली. अंगावर हिरवी पूड. ही आमची बुरशी. तिचा मुका घ्यायचाच काय तो बाकी होता. पुढे जिथं खणावं तिथं तसलीच. गवत मुळं धरायला लागलं, फक्त तो गुंडाळलेला कोपरा टकला राहिला. त्यावर मी स्टेज घालायला लावलं.

"नवरी इथून उठून दिसते," म्हणालो.

अग्रहारानं गवताची तारीफ केली. अण्णा प्रत्येकाला सांगत होते, "पूजेच्या पंपानं मारलं. गुण येणारच, अल्वा? खरं ना?" मी मान डोलावली. बिल निघायचं होतं.

आता आयुधपूजेला मी गिऱ्हाइकांचे पंप स्वतः भरून देतो. साध्या पाण्यानं. देव थांबतो, कालवलेली बुरशी थांबत नाही.