डोंगरउतारावरचा द्राक्षमळा

फ्रान्सच्या दारूवर हक्काने बोलणारा आणि आयुष्यात तिचा थेंबही न चाखलेला माणूस अख्ख्या निजाम इलाख्यात एकच होता, आणि ते आमचे थोरले मामा होते. जर्मनीच्या लढाईत इंग्रजांची खेचरं हाकायला ते गेले. थकलेली खेचरं फ्रान्समधल्या एका डोंगरावरच्या खेड्यात विसाव्याला ठेवली, तेव्हा मामा हंगामभर तिथेच राहिले. गावातले तरणे लढाईवर. म्हणून एका विधवा म्हातारीच्या द्राक्षमळ्यात ते राबू लागले. ती फ्रेंचमध्ये बोले, मामा मराठीत, आणि दोघांचं कधी अडलं नाही. निघताना आईने त्यांना दारू न पिण्याची शपथ घातली होती. तरी हौदात उतरून पायाने द्राक्षं तुडवण्यात ते सगळ्यांच्या पुढे! "तोंडाला लावू नको म्हनली व्हती आई, पायाचं काई बोलली न्हाई," असं ते गंभीरपणे सांगत. नुसत्या वासावरून वरच्या उताराची दारू कोणती आणि खालच्या काळ्या मातीतली कोणती, हे ते ओळखत. आमच्याकडे मात्र मी त्यांना ताक हुंगतानाच पाहिलं.

परतताना त्यांनी ओल्या फडक्यात वेलाच्या काड्या आणल्या. मांजरसुंब्याच्या उतारावर लावल्या, कावडीने पाणी घालून जगवल्या. चौथ्या वर्षी घड लागले. मामांनी ते गुळाच्या काहिलीत तुडवले आणि रस रांजणात मुरवला. मामा विनापरवाना दारू करतात, अशी कुणीतरी चुगली केली. आबकारीचा दारोगा दोन शिपाई घेऊन दारात आला. मामी रडू लागली. वेली उपटतील, मामांना कैद होईल, म्हणून मीही घाबरलो. मामांना मात्र आनंदच झाला. चव कळणारा माणूस पहिल्यांदाच घरी आला होता!

"साहेब, जरा चाखून सांगा, कशी झालीय?"

दारोग्याने घोट घेतला आणि थुंकला. "अरे पटेल, ये शराब नहीं, सिरका है!"

सिरक्याला, म्हणजे आंबून गेलेल्या रसाला, कायद्याची आडकाठी नव्हती. दारोगा हसत गेला, मामीने शेजारीपाजारी साखर वाटली. मामा तेवढे त्या दिवशी जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कोयता घेऊन उतारावर निघाले. वेली तोडायलाच चाललेत, असं वाटून मी मागे धावलो.

"मामा, इतक्यात का म्हून तोडता?"

"तोडत न्हाई, छाटतोय." त्यांनी एक फांदी हातात धरली. "मी तिथं असतानाच म्हातारीला लढाईवरून कागद आला. दोन्ही पोरं गेलती रे तिची. दोन दिवस दार उघडलं न्हाई. तिसऱ्या दिवशी आली मळ्यात, आन् छाटाया लागली."

मग ते खाली वाकले आणि वेल छाटू लागले.