पत्त्याचा रकाना

सदर नावाच्या वस्तीतल्या एका नोकरी-नोंदणीच्या कचेरीत मारोतराव कारकून होते. कारकून म्हटला की लोकांना परत पाठवण्यातच त्याचं अर्धं आयुष्य जातं. मारोतरावांची तऱ्हाच उलटी. बेकार पोरांना दरवर्षी आपली नोंद नवी करून घ्यावी लागे. पोरं उन्हातान्हाची यायची, एखादा रकाना चुकवायची, की फॉर्म रद्द, पुन्हा रांग. म्हणून मारोतराव आधीच नोंदणीच्या कार्डावरची जुनी माहिती नव्या फॉर्मात उतरवून ठेवत. नाव, जन्मतारीख, शिक्षण, पत्ता, सगळं. पोरानं यायचं, बदललं असेल तेवढं खोडून लिहायचं आणि सही ठोकायची. मग मारोतराव जन्मतारीख दाखल्याशी ताडत, मार्क गुणपत्रिकेशी. मारोतरावांचा बाप विणकर, गोळीबार चौकातल्या घरी मागावर बसायचा. ताण्यातला तुटका धागा त्याच्या बोटाला कळे, तशी यांना फॉर्मातली चूक कळे. "आपला फॉर्म वापस येत नाही गा," असं ते छाती फुगवून सांगत. खोटं नव्हतं ते.

त्यांची एकुलती एक लेक गोपिका. शिक्षिकेचा कोर्स करून बसलेली, आणि सरकारी शाळेत मास्तरीण व्हायचं हे एकच वेड. पण वयाची अट पंचविसाची, आणि एकाहत्तरच्या जूनमध्ये तिला पंचवीस पूर्ण होणार होती. त्या वर्षीचा तिचा फॉर्मही बापानंच भरून घरी आणला. ती पोळ्या लाटत होती. पिठाचा हात पदराला पुसून तिनं सही केली आणि पुन्हा लाटणं हातात घेतलं.

मे महिन्यात एका सकाळी मारोतरावांच्या टेबलावर परत आलेल्या टपालाचा गठ्ठा पडला. त्यात एक लिफाफा गोपिकाच्या नावाचा. आत सरकारी शाळेच्या मुलाखतीचं बोलावणं, कचेरीनंच नोंदीतल्या पत्त्यावर धाडलेलं. मुलाखत होऊन अकरा दिवस झाले होते. पत्ता गोळीबार चौकातला, आणि त्यावर पोस्टमनचा शेरा: घर सोडून गेले.

घर सोडून आठ महिने झाले होते. प्रताप नगरात दोन खोल्या घेतल्या, तेव्हा मारोतरावांनी स्वतः ठेल्यावर सामान चढवलं होतं. पण कार्डावर जुना पत्ता दिसला, आणि चाळीस वर्षं तोच लिहीत आलेला हात लिहून मोकळा झाला. पुढं त्यांनी सगळं नेहमीसारखं तपासलं. पत्त्याला दाखला लागत नाही. रकाना भरलेला दिसला की झालं. जगाचे फॉर्म तपासणाऱ्याच्या दिव्याखालीच हा अंधार! तो रकाना कोरा सोडला असता, तर पोरीनं बरोबर पत्ता लिहिला नसता का? असले उपकार करायला या माणसाला कोणी सांगितलं होतं?

संध्याकाळी त्यांनी लिफाफा लेकीपुढे ठेवला. तिनं तो दोनदा वाचला.

"तू फॉर्म वाचला नव्हता काय वं?" त्यांनी विचारलं, आणि विचारताच त्यांना स्वतःची लाज वाटली.

"तुमचं अक्षर होतं नं, बाबा," ती म्हणाली. "त्यात काय वाचाचं?"

ती रडली नाही, बोल लावला नाही. लावला असता तर बापाचं काळीज थोडं तरी हलकं झालं असतं. मारोतराव मोरीत गेले, तोंडावर पाणी मारत राहिले आणि तिथंच हुंदके देऊन रडले.

जून सरला. वय उलटलं की कार्ड बाद करायचा कचेरीचा नियम होता, आणि त्यालाही फॉर्म होता. मारोतरावांनी तो कोराच घरी आणला. त्यात एक अक्षर लिहायची त्यांना हिंमत झाली नाही. गोपिकानं खाली बसून एकेक रकाना भरला, प्रताप नगरचा पत्ता सावकाश, ठळक अक्षरात लिहिला, आणि फॉर्म बापासमोर धरला.

"तपासून घ्या, बाबा. समदं बरोबर हाय नं?"

मारोतरावांनी नाव पाहिलं, जन्मतारीख पाहिली. पत्ता वाचताना डोळे भरून आले, म्हणून तो पुन्हा वाचावा लागला.

"बरोबर हाय, बाई," ते म्हणाले.