वजा एक मीटर

अणुभट्टी विझली त्याला चाळीस वर्षे होत आली होती. जेथे एके काळी संशोधकांची वर्दळ असे, तेथे गुडघाभर गवत, चार कुलूपबंद इमारती आणि जमिनीतून हातभर वर डोकावणारे बेचाळीस लोखंडी नळ एवढेच उरले होते. भट्टी तोडून नेली होती. दूषित माती पिंपांत भरून नेली होती. जी नेता आली नाही ती एका खड्ड्यात पुरून तिच्यावर चिकणमातीचा जाड थर दाबून बसवला होता. मागे राहिला तो केवळ पहारा, आणि तोही माणसांवर नव्हे, भूगर्भातून वाहणाऱ्या पाण्यावर. हे पाणी कुणाला दिसत नाही, त्याचा नाद कानी येत नाही, आणि वर्षाला चार-दोन पावलेच ते सरकते. अशा पाण्याची पाठ एकतीस वर्षे ज्यांनी सोडली नाही, त्या एका साध्या गृहस्थाची ही कथा आहे.

कागदोपत्री ते नमुना-साहाय्यक होते. सहकारी त्यांना पाणीनाना म्हणत. घाईत असले की नुसते नाना. सकाळी खांद्याला कॅनव्हासची पिशवी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि कानामागे पेन्सिल अशा थाटात ते निघत. शाई ओली झाली की पसरते, म्हणून पेन्सिल. जमिनीतल्या पाण्यापर्यंत खोल गेलेल्या प्रत्येक नळाचे झाकण उघडून आधी तीन नळभर पाणी उपसून फेकायचे आणि मगच बाटली भरायची, असा नियम होता. इतरांना तो कंटाळवाणा वाटे. नाना मात्र पंप घरघरत असताना गवतात उकिडवे बसून राहत. शिळे पाणी खोटे बोलते, त्याला आधी बोलून घेऊ द्यावे, मग ताजे खरे सांगते, असे त्यांचे म्हणणे होते. भल्याभल्या तज्ज्ञांना त्यांच्या बाटल्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवताना मी पाहिले आहे.

नमुन्यांइतकेच महत्त्वाचे काम पातळी मोजण्याचे. त्यासाठी चाकावर गुंडाळलेली, मीटर-सेंटिमीटरच्या खुणांची लांब फीत असे, आणि तिच्या टोकाला बोटभर लोलक. लोलक पाण्याला टेकला की चाकावरचा बारीक दिवा लागे, आणि त्या क्षणी नळाच्या काठाशी जो आकडा दिसे ती पाण्याची खोली. ठिकठिकाणच्या खोलींवरून पाणी कोणत्या दिशेने वाहते याचा नकाशा काढत. पूर्वेकडचे एकोणीस नळ नानांकडे होते, पश्चिमेकडचे तेवीस त्यांच्या जोडीदाराकडे. हा जोडीदार तोंडाचा फटकळ. "नाना, सूर्य तुमच्याकडे उगवतो, पण पेन्शन माझ्याकडे आधी मावळणार," असे काहीतरी रोज बोलल्याशिवाय त्याला चहा पचत नसे.

निवृत्तीला तेरा वर्षे असताना नानांच्या फितीचे टोक जीपच्या चाकाखाली चिरडले. नवी फीत मागवून येईपर्यंत काम थांबवणे शक्य नव्हते. कार्यशाळेतल्या कारागिराने तिचा पहिला मीटर कापून टाकला आणि लोलक पुढच्या खुणेला जोडून दिला. आता ही फीत प्रत्येक वेळी एक मीटर जास्त दाखवू लागली. नानांनी चाकावर पांढऱ्या रंगाने "वजा १" असे लिहिले, आणि फितीवर दहा दिसले की वहीत नऊ लिहू लागले. नवी फीत यायला पाच वर्षे लागली. पाच वर्षांत साठ महिने, महिन्याला एकोणीस नळ. ती वजाबाकी त्यांच्या इतकी अंगवळणी पडली की ती बुद्धीतून उतरून मनगटात जाऊन बसली.

नवी फीत अखंड होती. जुनी त्यांनी स्वतः भांडारात जमा केली, पावती घेतली, आणि पुढच्या सोमवारी पहिल्या नळाशी बसून, फितीवर नऊ वाचून, वहीत आठ लिहिले.

एवढी मोठी चूक कुणाच्या ध्यानात कशी आली नाही, असा प्रश्न पडेल. ती आली असती, परंतु त्याच वर्षी खड्ड्यावरचा चिकणमातीचा थर पुरा झाला होता आणि भोवतीचे चर नव्याने बांधले होते. पूर्वेची पातळी एकाएकी मीटरभर चढलेली दिसली, तेव्हा अधिकाऱ्यांना तो आपल्याच बांधकामाचा प्रताप वाटला. सपाट जमिनीत अर्ध्या मीटरच्या फरकाने प्रवाहाची दिशा ठरते. नव्या नकाशावर पाणी उलटे फिरले होते. पूर्वी ते पूर्वेला, कुंपणापलीकडच्या वस्तीकडे जाई. आता ते वस्तीकडे पाठ करून पश्चिमेच्या ओसाड माळाकडे निघालेले दिसत होते. अहवाल छापला गेला, अभिनंदनाची पत्रे आली. ज्या वार्तेची सर्वांनाच आस असते तिची कुणी उलटतपासणी करीत नाही.

त्या वस्तीत नानांची थोरली बहीण राहत होती. आई गेली तेव्हा नाना चार वर्षांचे आणि ताई सोळाची. तिनेच त्यांना न्हाऊमाखू घातले, शाळेत घातले, आणि पुढे संशोधन-केंद्रात नोकरी लागावी म्हणून साहेबांच्या दारात तीन दिवस ठाण मांडून बसली. तिच्या अंगणात एक जुनी विहीर होती. कुंपणालगतच्या नळांत प्रदूषणाची चिन्हे दिसली त्या वर्षी सावधगिरी म्हणून वस्तीतल्या सगळ्या विहिरींवर लोखंडी जाळ्या टाकून टाळी ठोकली होती. नकाशा फिरल्यावर एकवार पाणी तपासले, ते निर्मळ निघाले, टाळी निघाली आणि तपासणीही बंद झाली. तरीही ताईने कागदावर विसंबून घागर बुडवली नाही. तिने भावाला बोलावून विचारले, पिऊ का? नानांनी नकाशा तिच्यापुढे पसरला, बोटाने बाण दाखवले आणि खुशाल पी म्हणून सांगितले.

पुढे ती विहीर वस्तीचा आधार झाली. घरच्या नळाला पाणी दिवसाआड येई, तेही करंगळीएवढे. अकरा घरांची माणसे ताईच्या अंगणात येऊ लागली. ती कुणाला नाही म्हणाली नाही. नव्याने राहायला आलेल्या कुणी शंका काढलीच, तर ती हसून म्हणे, की माझा धाकटा भाऊ या पाण्याची नाडी रोज बघतो. हे सारे सात वर्षे चालले.

निवृत्तीला एक वर्ष उरले असताना जोडीदार गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी रजेवर गेला आणि त्याचे नळ नानांकडे आले. दोघांच्या वाटण्यांच्या सीमेवरचा विसावा नळ त्यांनी आयुष्यात प्रथमच मोजला. वहीतला आधीच्या महिन्याचा आकडा नऊ मीटर अडतीस, आणि नानांनी नुकताच लिहिलेला आठ मीटर चाळीस. प्रथम त्यांना हसू आले. आता जोडीदाराला महिनाभर चिडवता येईल, त्याची फीत खोटी ठरली, अशा मजेत त्यांनी लोलक पुन्हा सोडला. दिवा लागला. काठाशी आकडा होता नऊ चाळीस. त्यांनी तो नीट वाचला, आणि मग आपलाच हात वहीवर आठ चाळीस लिहिताना पाहिला.

पायाखालची जमीन सरकते म्हणजे काय होते, ते त्यांना त्या गवतात कळले. दुपारभर उपाशीपोटी त्यांनी पूर्वेचे एकोणीसही नळ पुन्हा मोजले, प्रत्येक आकडा मोठ्याने उच्चारून लिहिला, आणि वही घेऊन भूजलतज्ज्ञ बाईंच्या खोलीत जाऊन उभे राहिले. काहीही लपवले नाही. बाईंनी तेथेच पेन्सिलीने नवा नकाशा काढला. बाण एकामागून एक पूर्वेकडे वळले.  मग त्यांनी वस्तीतल्या विहिरींचे नमुने आणायला सांगितले, आणि प्रयोगशाळेचा निकाल यायला आठ दिवस लागतील, तोवर बाहेर एक शब्दही जाऊ देऊ नका, असे बजावले. हातात आकडा नसताना घबराट उडवणे त्यांना अयोग्य वाटले. त्या वाईट बाई नव्हत्या; त्यांच्याही नोकरीच्या मुळावर हे प्रकरण आले होते.

नाना बाटली घेऊन ताईच्या अंगणात गेले. नेहमीची तपासणी आहे, असे त्यांनी सांगितले. ताईने रहाट ओढला, बाटली पदराने पुसून दिली, आणि उन्हातून आलास म्हणून तांब्याभर पाणी पुढे केले. ते त्यांनी उभ्या उभ्या पिऊन टाकले. आधीच्या सात वर्षांत ते तेथले किती पाणी प्यायले असतील त्याला गणती नाही, परंतु तो तांब्या त्यांना मरेपर्यंत आठवत होता. अंगणात त्या वेळी दोन शेजारणी कळशा भरीत होत्या. नाना त्यांच्यादेखत निघून आले.

नवव्या सकाळी निकाल आला. ताईच्या विहिरीत ट्रिटियमचे, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजनचे, प्रमाण मर्यादेच्या सव्वादोनपट होते. बाईंनी सांगितले की यामुळे कुणी आजारी पडेलच असे नाही, आणि उद्या कुणी पडले तर ते यामुळे की आणखी कशामुळे, हे जगातला कोणताही डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकणार नाही. नानांना या वाक्यात दिलासा सापडला नाही.

ते तडक ताईकडे गेले. ती ओसरीवर उशीचा अभ्रा शिवीत बसली होती. नानांनी फितीपासून सगळे सांगितले. तिने सुई खाली ठेवली नाही. सगळे ऐकून घेतल्यावर तिने विचारले, "उकळलं तर जातं का?"

"नाही."

"गाळून?"

"नाही गं ताई. ते पाण्यात मिसळलेलं नाही. ते पाणीच झालंय."

"मग कधी जातं?"

"बारा वर्षांनी निम्मं होतं. आणखी बारांनी त्याचं निम्मं."

"म्हणजे मी ब्याऐंशीची होईन तेव्हा निम्मं," ती म्हणाली. "तोवर टिकले पाहिजे." तिच्या बोलण्यातला विनोद अजून जिवंत होता, आणि नानांना वाटले की संकट टळले. त्यांचा जीव भांड्यात पडणार, तोच तिने मान वर केली.

"तुला कधी कळलं?"

नाना अभ्र्याच्या टाक्यांकडे पाहू लागले.

"बाटली भरून नेलीस त्या दिवशी कळलं होतं?"

"त्याच्या आदल्या दिवशी."

तिने अभ्र्याची घडी घातली. "सात वर्षं तुझा हात चुकला. माझाही चुकला असता. पण हे आठ दिवस हाताचे नाहीत रे. त्या दोघी इथे कळशा भरत होत्या, आणि तू माझ्या तांब्यातलं पाणी पिऊन गेलास."

आपल्याला बोलू नका म्हणून हुकूम होता, हे नानांच्या ओठांवर आले होते. ते त्यांनी गिळले. या एका मौनाबद्दल तरी त्यांचा आदर करावासा वाटतो.

ताई चपला घालून निघाली. तिने त्यांना ये म्हटले नाही, येऊ नको म्हटले नाही. नाना चार पावले मागे राहून चालले. अकरा घरांच्या अकरा दारांत तिने तेच सांगितले: पाणी खराब निघाले आहे, सात वर्षे कुणी तपासलेच नव्हते, माझ्या भावाला आठ दिवसांपूर्वी कळले, मला आत्ता कळले, आणि पाणी मी दिले. भावावर ढकलून ती स्वतः बाजूला झाली नाही. त्याला पाठीशी घालून खोटेही बोलली नाही. कुणी शिव्या दिल्या. एका म्हाताऱ्याने माझे किती दिवस राहिलेत म्हणून हसण्यावारी नेले. ते हसणे नानांना शिव्यांहून जड गेले. शेवटच्या घरी पाच महिन्यांची लेक मांडीवर घेऊन एक तरुण बाई दाराशी आली. तिने सगळे ऐकले आणि ताईकडे नव्हे, मागे उभ्या नानांकडे पाहून एवढेच विचारले, "म्हणजे परवा मी नेलेलंसुद्धा?"

नाना हो म्हणाले. तिने दार लावून घेतले.

चौकशी झाली, शेरा बसला, नाना वर्षभराने नियमाप्रमाणे निवृत्त झाले. वस्तीत टँकर येऊ लागला. ताईच्या विहिरीवर पुन्हा जाळी बसली, आणि तिची पातळी दर महिन्याला मोजण्याचे काम नानांनी विनावेतन मागून घेतले. ताईने भावाशी नाते तोडले नाही. त्यांच्या आजारपणात येऊन राहिली, पथ्याचे रांधून घातले. परंतु महिन्याच्या पहिल्या सोमवारी फीत विहिरीत सोडली की ती चष्मा चढवून कठड्यावर वाके, आकडा स्वतः वाचे, मोठ्याने सांगे, नानांनी लिहिला की वही आपल्याकडे वळवून तो पुन्हा पाही आणि मगच मान डोलवी. याबद्दल दोघे कधी एक शब्द बोलले नाहीत. असे नऊ वर्षे चालले. त्यांच्या नोकरीसाठी उन्हात तीन दिवस साहेबांचा उंबरठा न सोडणारी ती बहीण एकोणऐंशीव्या वर्षी झोपेतच गेली. पाणी अजून निम्मे झालेले नव्हते.

पुढच्या सोमवारी नाना फीत घेऊन त्या अंगणात एकटे उभे होते. त्यांना एकट्याने मोजता आले असते. जाबही कुणी विचारला नसता. पण ते वस्तीच्या टोकाच्या, तान्ह्या लेकीच्या आईने दार लावून घेतले होते त्या घरापर्यंत चालत गेले. नऊ वर्षांत त्या घराने त्यांच्याशी शब्द उच्चारला नव्हता. तिने दार उघडल्यावर ते म्हणाले, "बाई, आकडा वाचायला दुसरं माणूस लागतं. याल का?"

 ती पायांत चपला सरकवून त्यांच्यामागे आली, कठड्यावर वाकली आणि म्हणाली, "सहा मीटर बेचाळीस." नानांनी लिहिले आणि वही तिच्याकडे वळवली. तिने प्रत्येक अंकावर बोट ठेवून तो वाचला, आणि घरी निघून गेली.