बंद व्हायला चोवीस मिनिटं

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी डिस्पॅचला होते, तेव्हा तिथल्या लॅबमध्ये संघप्रिया कुरणे होती. बी.एस्सी. केमिस्ट्री. भट्टीतून काढलेला लोखंडाचा नमुना तिच्याकडं यायचा, ती तो तपासायची, आणि तिनं भट्टीवर जाऊन होकार दिल्याशिवाय साच्यात लोखंड ओतलं जायचं नाही. भट्टीवरची माणसं तोंडानं फटकळ, पण तिच्या शब्दाला मान होता. "मॅडम न्हाय म्हणल्या की न्हाय," म्हणून थांबायची.

आम्ही दोघी कावळा नाक्यावरून कंपनीच्या बसनं यायचो. जाताना बस पाच पस्तीसला सुटायची. ती कुणासाठी थांबत नसे.

दोन हजार सहाच्या दिवाळीनंतर लॅबला लॅपटॉप मिळाला. मॅनेजर चौगुले साहेबांनी तो स्वतः आणून टेबलावर ठेवला आणि नियम सांगितले. सुटताना लॅपटॉप पूर्ण बंद करायचा. चालू मशीन कपाटात ठेवायचं नाही. बंद झाल्यावर कपाटाला कुलूप, किल्ली गेटवर वॉचमन पिराजीकडं, रजिस्टरला सही. किल्ली तिच्या नावावर, त्यामुळं हे काम दुसऱ्या कुणी करायचं नाही.

सुरुवातीला काही अडलं नाही. मग लॅपटॉप बंद व्हायला पाच मिनिटं लागू लागली, मग दहा. पावसाळ्यापर्यंत ती चोवीसवर गेली. शेवटचा नमुना सव्वापाचला यायचा, त्याचा रिपोर्ट भरेपर्यंत साडेपाच. त्यानंतर ती 'शट डाउन' दाबायची आणि निळ्या पडद्यावर 'सेव्हिंग युवर सेटिंग्ज' ही ओळ येऊन बसायची. बाहेर बसचा हॉर्न वाजायचा. ती पर्स खांद्याला लावून टेबलापाशी उभी असायची.

"तू हो पुढं," ती खिडकीतनं मला सांगायची. "मी येतो मागनं वडापनं."

वडापची जीप भरल्याशिवाय हलत नाही. ती घरी पोचायची सव्वासातला.

घरी तिची चार वर्षांची दीक्षा होती. नवरा प्रसेनजीत कबनूरला लूमच्या शेडमध्ये जॉबर होता, माग दुरुस्त करायचा; दुपारची पाळी, घरी यायचा तेव्हा पोर झोपलेली असायची. दिवसभर दीक्षाला गल्लीतल्या तानाबाई सांभाळायच्या. पण तानाबाईंना साडेसहाला विद्यार्थ्यांच्या मेसवर चपात्या लाटायला जावं लागे. महिनाभर त्यांनी उशीर सोसला. मग एक दिवस संघप्रिया पोचली तेव्हा तानाबाईंच्या दाराला कडी, आणि दीक्षा समोरच्या पायरीवर एकटी. दप्तर मांडीवर धरून बसलेली. रडत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तानाबाई म्हणाल्या, "मला बी काम हाय, बाई. किती दिस थांबू? पोरीला दुसरीकडं बघ."

हे तिनं मला बसमध्ये सांगितलं, सकाळी. मी म्हटलं, "बटन दाबून धर की. दोन सेकंदात बंद होतंय."

"एकदा केलंय ते," ती म्हणाली.

केलं होतं खरंच. जूनमध्ये दीक्षाला ताप होता, म्हणून तिनं बटण दाबून मशीन बंद केलं. सकाळी दोन दिवसांचे रिपोर्ट गायब. चौगुले साहेबांनी मेमो दिला, 'पुन्हा घडल्यास कामावरून कमी करण्यात येईल', आणि खाली तिची सही घेतली. सही घेताना म्हणाले, "मॅडम, मशीनला घाई चालत न्हाय."

कॉम्प्युटर बघायला शाहूपुरीतला कृष्णात यायचा. त्याला तिनं तीन वेळा बोलावलं. पहिल्यांदा तो म्हणाला व्हायरस. दुसऱ्यांदा त्यानं नको त्या फाइल पुसल्या. तिसऱ्यांदा मेमरी वाढवली आणि तिच्याकडं न बघता म्हणाला, "जुनं मॉडेल हाय, ताई. सवय करून घ्या."

मग ती स्वतःच मागं लागली. नमुन्यात खोट निघाली की ती कशी शोधायची, हे तिला कळत होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बघायचं. सोमवारी प्रिंटरची वायर काढली. चोवीस मिनिटं. मंगळवारी अँटीव्हायरस बंद केला. चोवीस. बुधवारी तपासणी यंत्राचं सॉफ्टवेअर आधी बंद करून पाहिलं. तेवीस. तिनं मला वही दाखवली, तारखेसमोर मिनिटं लिहिलेली. तीन आठवडे ती रोज काहीतरी एक बदलत होती आणि रोज बस चुकत होती. पोरीला ठेवायला दुसरं घर मिळालं नव्हतं; साडेसहापासून आई येईपर्यंत दीक्षा रोज त्या पायरीवर.

ऑगस्टमध्ये इलेक्ट्रिशियन लॅबचं टेबल सरकवायला आला. सरकवताना त्यानं लॅपटॉपला भिंतीतून येणारी नेटवर्कची वायर काढली आणि परत लावायची विसरला. त्या दिवशी पाच पस्तीसला बस निघत होती, आणि संघप्रिया पळत येऊन चढली. माझ्या शेजारी बसली. धाप लागलेली.

"एका मिनटात बंद झाला," ती म्हणाली. "वायर नव्हती."

सांगली फाटा मागं पडला तरी ती वही उघडून जुने आकडे बघत होती. मी ओळखलं, तिला आनंदापेक्षा काहीतरी दुसरं वाटत होतं.

सकाळी ती लॅबमध्ये पाय ठेवते तोच फोन वाजला. चौगुले साहेब. "काल वायर काढलीती का, मॅडम?"

"इलेक्ट्रिशियननं काढली सर."

"लावून घ्या लगेच."

तिनं वायर लावली. आणि जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता माझ्याकडं आली. "वायर नव्हती ते ह्यांना रात्रीत कसं कळलं?" तिनं विचारलं. "हितनं तिकडं काहीतरी जातंय."

माझ्या कॉम्प्युटरवर नेटवर्कमधून ऑफिसातले बाकीचे कॉम्प्युटर दिसायचे. त्यात चौगुले साहेबांचाही होता. आम्ही तो कधी उघडून बघितला नव्हता, गरजच पडली नव्हती. तिनं माउस माझ्या हातातून घेतला. आत 'लॅब' नावाचं फोल्डर. त्यात तारखेवार फोल्डर, रोजचं एक, कालचं सोडून. प्रत्येकात तिचा लॅपटॉप जसाच्या तसा. रिपोर्ट होते, खराब कास्टिंगचे, म्हणजे बिघडलेल्या ओतीव भागांचे, शेकडो फोटो होते. ते फोटो वाढत गेले तशी रोजची नक्कल जड होत गेली होती, आणि नक्कल पूर्ण झाल्याशिवाय मशीन बंद होत नव्हतं.

पण त्यात बाकीचंही होतं. जेवणाच्या सुट्टीत तिनं टाइप केलेला कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कंपनीसाठीचा अर्ज. दीक्षाचे बालवाडीतले फोटो. आणि प्रसेनजीतच्या नावानं एक पत्र. ते मी वाचायला वाकले, तर तिनं पडद्यावर हात आडवा धरला.

"मी दिलेलं न्हाय अजून हे त्याला," ती म्हणाली.

मला तेव्हा मार्च महिन्यातली एक गोष्ट आठवली. तिनं अनुभवाचा दाखला मागितला होता, बँकेचं कारण सांगून. चौगुले साहेब हसून म्हणाले होते, "कागलचं पाणी मानवंल का तुम्हाला?" तिनं कागलचं कुणालाही सांगितलं नव्हतं. मलासुद्धा नाही. दाखला मिळालाच नाही. आम्ही दोघी त्या फोल्डरकडं बघत बसलो, डबे तसेच.

तिनं कृष्णातला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, मला सांगितलं तसं मी जोडून दिलं. तुम्हाला माहीत असंल असं वाटलं मला." त्याला माहीत होतं की तिला माहीत नाही. तीनदा येऊन गेला होता तो.

तिनं आरडाओरडा केला नाही. सुट्टी संपेपर्यंत तिनं स्वतःचं सगळं काढून घेतलं, जुने कास्टिंगचे फोटो सीडीवर उतरवून लॅपटॉपवरून पुसले. संध्याकाळी वायर लावलेलीच ठेवून तिनं मशीन बंद केलं. अडीच मिनिटं. दुसऱ्या दिवशी ती केबिनमध्ये गेली. मी डिस्पॅचच्या चलनांवर सह्या घ्यायला तिथंच उभी होते.

"सर, लॅपटॉप दुरुस्त झाला," ती म्हणाली. "रोज त्याची नक्कल तुमच्याकडं येत होती, त्यात वेळ जात होता. आता फक्त कामाचं येईल."

साहेबांनी मान वर केली. "कंपनीचा लॅपटॉप हाय. त्यातलं सगळं कंपनीचंच."

"व्हय. म्हणून माझं मी काढलं. माझी पोरगी महिनाभर पायरीवर बसत होती, सर. तुम्हाला माहीत होतं वेळ कशानं लागतोय."

साहेबांनी माझ्या हातातली चलनं ओढून घेतली आणि सह्या करू लागले. "जावा कामाला," एवढंच म्हणाले.

त्या रात्री तिनं ते पत्र हातानं लिहून काढलं आणि प्रसेनजीतला दिलं. का दिलं, ते तिनं मला नंतर सांगितलं. "साहेबानं वाचलं असंल, तर ज्याचं हाय त्यानं वाचायला नको?" त्यात काय होतं ते मी विचारलं नाही. आठवड्यानं प्रसेनजीतनं सकाळची पाळी मागून घेतली आणि दुपारनंतर दीक्षाला तो सांभाळू लागला.

नोकरी मात्र सुटत नव्हती. कागलला तिनं पुन्हा अर्ज केला, या वेळी हातानं. मुलाखतीत दाखला मागितला. तिनं सांगितलं की देत नाहीत. तिथल्या लॅबप्रमुख बाईंनी तिच्यासमोर एक नमुना ठेवला आणि तपासायला सांगितला. तिनं तपासला. निवड झाली. पण इथं राजीनामा दिल्यावर चौगुले साहेबांनी तीन महिन्यांची नोटीस पुरी करायला लावली, आणि त्या तीन महिन्यांत तिला भट्टीवर जायला बंदी केली. तिचा होकार दुसरा कुणीतरी भट्टीवर नेऊन सांगायचा, ती दिवसभर बंद खोलीत. भट्टीवरची माणसं तिच्या दारावरून जाताना आत डोकावून पुढं जायची.

मार्च दोन हजार आठमध्ये ती गेली. शेवटच्या दिवशी पाच पस्तीसच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. कावळा नाक्यावर उतरल्यावर ती म्हणाली, "तू बी बघ की दुसरीकडं."

मी बघते म्हणाले. मी तिथं आणखी चार वर्षं होते.